जमिनीत दडलेली अर्धी अँटेना

हौशी रेडिओच्या, म्हणजे हॅम रेडिओच्या क्षेत्रात १.८, ३.५ आणि ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यांना ‘लो बँड’ म्हणतात आणि तरंगलांबीवरून ते १६०, ८० व ४० मीटर या नावांनी ओळखले जातात. ३०० या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते आणि या साध्या भागाकारातच लो बँडच्या सगळ्या अडचणींचे मूळ आहे. १४ मेगाहर्ट्झवर अर्धतरंग डायपोल, म्हणजे मधोमध तोडून तेथे केबल जोडलेली सरळ तार, जेमतेम दहा मीटरची होते आणि ती घराच्या गच्चीवर सहज मावते, १.८३ मेगाहर्ट्झवर मात्र तरंगलांबी सुमारे १६४ मीटर असल्यामुळे तोच डायपोल ७८ मीटर लांब होतो आणि दूरच्या संपर्कासाठी तो जमिनीपासून अर्ध्या तरंगलांबीइतका, म्हणजे ८० मीटरहून अधिक उंच टांगावा लागतो. इतका उंच मनोरा हौशी माणसाच्या आवाक्यात नसतो, त्यामुळे लो बँडवरची प्रत्येक अँटेना ही तडजोडच असते. ही तडजोड कुठे करावी आणि कुठे करू नये, याचे उत्तर गेल्या शंभर वर्षांच्या प्रयोगांनी दिले आहे: उंची आणि शक्ती यांबाबत तडजोड चालते, पण जमिनीखालच्या तारांबाबत आणि ऐकण्याच्या सोयीबाबत ती चालत नाही.

या पट्ट्यांवर दिवस आणि रात्र यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. आयनांबराचा, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित पट्ट्याचा, सर्वांत खालचा ‘डी’ थर सूर्यप्रकाशात तयार होतो आणि वारंवारता जितकी कमी तितका तो तरंगांना अधिक शोषून घेतो. सूर्य मावळताच हा थर विरतो आणि तरंग वरच्या ‘एफ’ थरापर्यंत पोहोचून हजारो किलोमीटर दूर परावर्तित होतात. म्हणूनच १६० मीटरवर दुपारी शेजारच्या जिल्ह्यापलीकडचे काही ऐकू येत नाही आणि पहाटे दुसऱ्या खंडातले केंद्र ऐकू येते. संधिप्रकाशाच्या रेषेवर, म्हणजे एका ठिकाणी सूर्योदय आणि दुसऱ्या ठिकाणी सूर्यास्त होत असताना, दोन्ही टोकांचा डी थर क्षीण असतो व कधीकधी काही मिनिटे संकेत आश्चर्यकारक जोर धरतात. डिसेंबरात मुंबईत सूर्य मावळत असतो त्याच सुमारास अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर तो नुकताच उगवलेला असतो. ही जुळणी काही मिनिटांची असली तरी लो बँडवर काम करणारे त्या मिनिटांसाठी वर्षभर तयारी करतात.

दूरच्या संपर्कासाठी तरंग क्षितिजाला लगटून, कमी कोनात बाहेर पडावे लागतात. डायपोल बुटका असेल तर त्याची बहुतेक ऊर्जा सरळ वर जाते. ८० मीटरवर दहा मीटर उंचीचा डायपोल असाच वागतो, आणि राज्यांतर्गत, तीन-चारशे किलोमीटरपर्यंतच्या बोलण्याला तो उत्तम असतो, कारण वर गेलेला तरंग आयनांबरावरून छत्रीसारखा भोवताली उतरतो. डोंगरदऱ्यांच्या प्रदेशात आपत्तीच्या वेळी हाच गुण मोलाचा ठरतो. पण समुद्रापलीकडे जायचे तर उभी अँटेना हवी. पाव तरंगलांबीची उभी तार १६० मीटरवर सुमारे ४० मीटर उंच होते. तिचा दुसरा अर्धा भाग जमीन पुरवते. अँटेनेतला प्रवाह जमिनीतून परत येऊन पायथ्याशी मिळतो आणि माती हा वाईट वाहक असल्याने त्या परतीच्या वाटेत ऊर्जेची उष्णता होते.

हे नुकसान किती मोठे असते ते आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही. अँटेनेत जाणारी शक्ती दोन रोधांत वाटली जाते: एक उत्सर्जन-रोध, म्हणजे खरोखर तरंगरूपाने बाहेर पडणाऱ्या शक्तीचा हिशेब, आणि दुसरा जमिनीचा हानी-रोध. पूर्ण पाव तरंगलांबीच्या उभ्या अँटेनेचा उत्सर्जन-रोध सुमारे ३६ ओहम असतो, पण उंची कमी केली की तो उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात घसरतो, आणि १५ मीटरच्या उभ्या तारेचा १६० मीटरवर जेमतेम ३.३ ओहम उरतो. जमिनीचा हानी-रोध १२ ओहम धरला तर १०० वॉटपैकी सुमारे २२ वॉटच आकाशात जातात. तारेला लांबीची भरपाई म्हणून जोडलेल्या कॉइलमधील हानी वेगळीच. आता त्याच १५ मीटर तारेच्या टोकाला आणखी २४-२५ मीटर तार जोडून ती आडवी ताणली, म्हणजे ‘इन्व्हर्टेड-एल’ नावाची उलट्या इंग्रजी एलसारखी अँटेना केली, तर उभ्या भागातला प्रवाह वरपर्यंत जवळजवळ सारखा राहतो आणि उत्सर्जन-रोध १२ ओहमच्या आसपास जातो. जमीन तीच, उंची तीच, तरीही कार्यक्षमता २२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर जाते. त्यानंतर जमिनीत पुरेशा तारा पसरून हानी-रोध १२ वरून ४ ओहमवर आणला की १०० पैकी ७५ वॉट बाहेर पडू लागतात. इतका लाभ ॲम्प्लिफायरने मिळवायचा तर २२ वॉटची जागा ७५ वॉटने घेण्यासाठी प्रेषकाची शक्ती जवळजवळ साडेतीनपट करावी लागली असती.

पायथ्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे जमिनीवर वा जमिनीत पसरलेल्या या तारांना ‘रेडियल’ म्हणतात. त्यांच्यावरील सर्वांत गाजलेला अभ्यास ब्राउन, लुईस आणि एप्स्टाइन या आरसीए कंपनीच्या तीन अभियंत्यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. ३ मेगाहर्ट्झवर त्यांनी २, १५, ३०, ६० आणि ११३ रेडियल असे टप्पे घेऊन क्षेत्रतीव्रता मोजली आणि मनोऱ्याची उंची थोडी कमी-जास्त असण्यापेक्षा रेडियलची संख्या कितीतरी निर्णायक असते, हे दाखवून दिले. अमेरिकेतील मध्यमलहरी प्रसारण केंद्रांसाठी दर तीन अंशांवर एक याप्रमाणे १२० रेडियलचा जो प्रघात पडला, त्यामागे हेच मोजमाप आहे. हौशी माणसाला इतक्या तारा परवडत नाहीत, पण त्याच्या उपयोगाचा निष्कर्ष वेगळाच आहे: तार मोजकी असेल तर थोड्या लांब रेडियलपेक्षा अनेक आखूड रेडियल बरे. ४८० मीटर तार हाती असेल तर ४० मीटरचे बारा करण्यापेक्षा २० मीटरचे चोवीस करावेत, कारण पायथ्याजवळच प्रवाह सर्वाधिक दाट असतो आणि हानीही तिथेच सर्वाधिक होते. प्रवाह अनेक तारांत विभागला जात असल्याने तार जाड असण्याचीही गरज नसते. तांब्याची बारीक, आवरण असलेली तारही चालते, मात्र ॲल्युमिनियम मातीत खाल्ले जाते.

नवख्यांची सर्वाधिक फसगत करणारी गोष्ट इथेच येते. केबलशी अँटेना किती जुळली आहे हे सांगणाऱ्या गुणोत्तराला एस.डब्ल्यू.आर. म्हणतात आणि ते १ असावे, असा सर्वसाधारण आग्रह असतो. पाव तरंगलांबीच्या उभ्या अँटेनेला चार-सहा रेडियल असताना हानी-रोध १४ ओहम असेल, तर ३६ आणि १४ मिळून नेमके ५० ओहम होतात, केबलही ५० ओहमची, आणि मीटर आदर्श १ दाखवतो. प्रत्यक्षात मात्र चौथ्या भागाहून अधिक शक्ती मातीत मुरत असते. रेडियल वाढवून हानी २ ओहमवर आणली की एकूण रोध ३८ होतो, मीटर १.३ दाखवू लागतो, आणि आपण अँटेना बिघडवली या समजुतीने माणूस काम थांबवतो, खरे तर कार्यक्षमता ७२ टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेलेली असते. रेडियल वाढवत जावे आणि पायथ्याचा रोध उतरायचा थांबेपर्यंत थांबू नये, ही कसोटी मीटरवरील सुंदर आकड्यापेक्षा शतपट विश्वासार्ह आहे.

रेडियल जवळची हानी कमी करतात. दूरची जमीन मात्र त्यांच्या हातात नसते. कमी कोनातला तरंग घडतो तो अँटेनेपासून कित्येक तरंगलांबी दूर पसरलेल्या भूभागावर, आणि तो जितका चांगला वाहक तितका कमी कोनातला तरंग सशक्त. महाराष्ट्रात हा फरक ठळक आहे: ओलावा धरणारी काळी जमीन उभ्या अँटेनेला साथ देते, कोकणातला जांभ्याचा कातळ आणि सडा निराश करतो, आणि त्याच कोकणात खाऱ्या पाण्याच्या काठावर उभी केलेली अँटेना सर्वांवर मात करते, कारण समुद्राचे पाणी मातीच्या शेकडोपट वाहक असते.

मात्र पाठवण्याची ही सर्व तयारी व्यर्थ जाते, जर समोरच्याचे उत्तर ऐकूच आले नाही. लो बँडवर ग्रहणाचा शत्रू हा संकेताचा क्षीणपणा नसून गोंगाट आहे: उष्ण कटिबंधातल्या विजांचा खरखराट आयनांबरावाटे सर्वत्र पोहोचतो आणि शहरात एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सौर इन्व्हर्टर त्यात भर घालतात. प्रेषणाच्या अँटेनेचे मोल कार्यक्षमतेत असते, तर ग्रहणाच्या अँटेनेचे मोल नको त्या दिशेचा गोंगाट वगळण्यात असते. म्हणून ती अकार्यक्षम असली तरी चालते, कारण संकेत आणि गोंगाट दोन्ही सारखेच कमी होतात आणि त्यांचे गुणोत्तर बिघडत नाही. प्रेषण व ग्रहण वेगळे करण्याचा विचार व्यावसायिक केंद्रांनी फार लवकर स्वीकारला होता. १९२७ मध्ये भारत-इंग्लंड बिनतारी ‘बीम’ सेवा सुरू झाली तेव्हा प्रेषण केंद्र पुण्याजवळ खडकी परिसरात आणि ग्रहण केंद्र दूर दौंडला ठेवण्यात आले होते.

ग्रहणासाठी आजही सर्वोत्तम मानली जाणारी अँटेना हॅरल्ड बेव्हरेज या अमेरिकी अभियंत्याची आहे. १९२१ मध्ये तिचे पेटंट मिळाले. जमिनीपासून दोन-तीन मीटर उंचीवर, एक ते दोन तरंगलांबी किंवा त्याहून लांब अशी सरळ तार ज्या दिशेचे ऐकायचे त्या दिशेला ताणतात आणि संकेत जिकडून येणार त्या टोकाला सुमारे ४५०-५०० ओहमचा रोध लावून तो जमिनीला जोडतात. जमीन सदोष असल्याने तरंगाचा खालचा भाग मागे रेंगाळतो, तरंगाग्र पुढे झुकते आणि तारेच्या दिशेने विद्युत्क्षेत्राचा एक छोटासा घटक तयार होतो. तरंग तारेवरून पुढे सरकत असताना हा घटक प्रवाहाची सतत भर घालत जातो आणि ग्राहकाच्या टोकाला तो एकवटतो. उलट दिशेने येणाऱ्या तरंगाचा प्रवाह दुसऱ्या टोकाच्या रोधात विरून जातो. प्रेषणात जी निकृष्ट जमीन डोकेदुखी असते, तिच्याच बळावर ही अँटेना काम करते, हा भौतिकशास्त्राचा मोठा मोहक भाग आहे.

तिची कसोटी त्याच वर्षी लागली. अमेरिकी हौशी केंद्रे युरोपात ऐकू येतात का हे पाहण्यासाठी पॉल गॉडली हा अमेरिकी रेडिओ तज्ज्ञ स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील आर्ड्रोसन गावी गेला आणि तेथील शेतात तंबू ठोकून त्याने सुमारे ४०० मीटर लांबीची बेव्हरेज तार काही फूट उंचीच्या खांबांवर उभारली. डिसेंबरातल्या ओल्या, थंड हवेत, तंबूतल्या उपकरणांपाशी रात्री जागवत त्याने दोन डझनांहून अधिक अमेरिकी केंद्रे टिपली. त्यांतल्या कनेक्टिकट राज्यातील ग्रीनिच येथील ‘१ बीसीजी’ केंद्राचा सुमारे २३० मीटर तरंगलांबीवरचा पूर्ण संदेश १२ डिसेंबर १९२१ रोजी त्याने उतरवून घेतला. या केंद्राच्या उभारणीत एडविन आर्मस्ट्राँग हेही होते. अटलांटिक ओलांडला तो प्रेषणाइतकाच ऐकण्याच्या कौशल्यावर, हे इतिहास अनेकदा विसरतो. पुढे १६० मीटरवर जीव ओतणारे मॅसॅच्युसेट्समधील स्ट्युअर्ट पेरी आणि लो बँडवरील प्रमाणग्रंथ लिहिणारे बेल्जियमचे जॉन डेव्होल्डर यांनी हा धागा जिवंत ठेवला.

बेव्हरेजसाठी दीडशे-तीनशे मीटर मोकळी जमीन लागते आणि ती सर्वांपाशी नसते. परसातल्या जागेसाठी गॅरी ब्रीड यांनी १९९७ मध्ये मांडलेली ‘के९एवाय’ लूप हा चांगला पर्याय आहे: एकाच खांबावर सुमारे २६ मीटर तारेचा, साडेसात मीटर उंचीचा फासा आणि जमिनीपाशी सुमारे ५०० ओहमचा रोध. केबल आणि रोध यांची टोके रिलेने अदलाबदल केली की ती विरुद्ध दिशेचे ऐकू लागते. अशा ग्रहण-अँटेनेच्या केबलवर फेराइटच्या कड्यांचे चोक लावणे अत्यावश्यक असते, नाहीतर केबलचे बाहेरचे आवरणच घरातला गोंगाट टिपून मेहनत वाया घालवते. वळवाच्या दिवसांत ढगांचा गडगडाट सुरू होण्याआधीच केबल यंत्रापासून सोडवावी, याबाबत हयगय करू नये.

महाराष्ट्रातून युरोपची दिशा ढोबळमानाने वायव्य आहे आणि गोंगाट सर्वांत कमी असतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, म्हणजे खरीप निघून शेते मोकळी झालेली असतात तेव्हाच. ज्या परवानाधारकांच्या घरी किंवा नात्यात शेती आहे, त्यांनी यंदा नवा ॲम्प्लिफायर घेण्याआधी बांधाच्या कडेने वायव्येकडे तीनशे मीटर तार ताणावी, आपल्या उभ्या अँटेनेखाली आणखी वीस रेडियल पसरावेत, आणि दर टप्प्यावर पायथ्याचा रोध व ऐकू आलेली केंद्रे तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवावीत. काळ्या मातीवर, मुरमावर आणि जांभ्यावर घेतलेल्या अशा नोंदींची मराठीत फार गरज आहे.