टॅटरसॉल्स : अश्वलिलाव आणि विश्वासाचे मूल्य

शुद्धवंशीय शर्यती अश्वाचे गुणदोष विक्रेत्यास जितके ज्ञात असतात तितके ग्राहकास नसतात. त्यामुळे या व्यापारात विश्वासार्ह मध्यस्थाची गरज भासते. इ.स. १७६६ मध्ये रिचर्ड टॅटरसॉल यांनी लंडनच्या हाइड पार्क कॉर्नर येथे स्थापिलेल्या लिलावसंस्थेने ती भागविली. भाडेपट्टा संपल्यावर १८६५ मध्ये संस्था नाइट्सब्रिजला गेली व कालांतराने न्यूमार्केटला स्थिरावली. बोली गिनीमध्ये लागे. गिनीचे शिलिंग २१. पैकी २० शिलिंगांचा पौंड विक्रेत्याचा व उरलेला एक शिलिंग लिलावदाराचा, असे परंपरा सांगते. मध्यस्थाचा मोबदला अशा रीतीने उभयपक्षी उघड राहिला. गिनी नाणे १८१४ नंतर पाडले गेले नाही. तथापि न्यूमार्केटचे लिलाव आजही १.०५ पौंडांच्या गिनीतच पुकारले जातात. व्यापारसंस्थेचे दीर्घायुष्य व्यवहाराच्या पारदर्शकतेवर अवलंबून असते, हेच यावरून स्पष्ट होते.