इन्शुलिनची सुई सुटेल का? स्वादुपिंड आणि बेटपेशींचं रोपण

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांचे आई-वडील एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, किडनी देता येते, मग माझं स्वादुपिंड माझ्या मुलाला नाही का देता येणार?" आज आपण याच प्रश्नाचं उत्तर शोधू.

आधी अवयवाची ओळख करून घेऊ. स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं असतं. त्याचा बहुतेक भाग पाचकरस तयार करतो. पण त्यात मधूनमधून पेशींचे बारीक पुंजके असतात, समुद्रात बेटं असावीत तसे. १८६९ साली पॉल लँगरहॅन्स या जर्मन वैद्यकीय विद्यार्थ्याने त्यांचं पहिलं वर्णन केलं. ही बेटं दहा लाखांच्या आसपास असतात आणि सगळी मिळून स्वादुपिंडाच्या वजनाच्या जेमतेम एक-दोन टक्के भरतात. त्यांतल्या बीटा पेशी इन्शुलिन बनवतात. टाइप १ मधुमेहात आपलीच प्रतिकारशक्ती या बीटा पेशी मारून टाकते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पहिला मार्ग, अख्खं स्वादुपिंड बसवण्याचा. १९६६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात केली आणि लिलेहाय या शल्यविशारदांनी हे पहिल्यांदा केलं. रुग्णाला स्वादुपिंडाबरोबर किडनीही बसवली होती. आजही बहुतेक वेळा ही जोडीच बसवतात. का? मधुमेहाने किडनी निकामी झालेल्या माणसाला नव्या किडनीसाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावीच लागतात. मग त्याच औषधांच्या आश्रयाने स्वादुपिंडही राहतं. ते नीट चाललं तर इन्शुलिन बंद होतं. पण शस्त्रक्रिया मोठी आहे. रक्तवाहिनीत गुठळी झाली किंवा पाचकरस गळला, तर सगळं पणाला लागतं.

दुसरा मार्ग यातूनच सुचला. हवी आहेत फक्त बेटं, तर अख्खा अवयव कशाला? दात्याच्या स्वादुपिंडातून विकरांच्या मदतीने बेटं सुटी करायची आणि बारीक नळीने पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत, सोडायची. ती यकृतात जाऊन रुजतात आणि तिथेच इन्शुलिन बनवू लागतात. पोट उघडावं लागत नाही. कॅनडातल्या एडमंटनमध्ये जेम्स शापिरो आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांवर हे केलं आणि सातही जणांचं इन्शुलिन सुटलं, असं २००० साली प्रसिद्ध झालं. जगभर आनंद झाला. मग अनेक देशांत मिळून ३६ रुग्णांवर हीच पद्धत वापरली. त्याचे निकाल २००६ साली आले. वर्षानंतर १६ जण इन्शुलिनशिवाय होते, आणि त्या १६ पैकी दोन वर्षांनी उरले फक्त पाच. शिवाय एका रुग्णासाठी बहुधा दोन किंवा जास्त दात्यांची बेटं लागतात.

मात्र ज्यांना पुन्हा इन्शुलिन सुरू करावं लागलं, त्यांच्यातही काहींची बेटं थोडंफार काम करत होती. तेवढ्यानेही साखर अचानक धोकादायक पातळीला उतरण्याचे प्रसंग थांबतात. साखर उतरल्याचं ज्याला कळतच नाही आणि जो झोपेत बेशुद्ध पडतो, त्याच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही.

आता आई-वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. मिनेसोटातच काही एकसारख्या जुळ्यांमध्ये निरोगी भावंडाच्या स्वादुपिंडाचा अर्धा भाग आजारी भावंडाला दिला. जुळी एकसारखी, म्हणजे अवयव परका नाहीच, म्हणून औषधं दिली नाहीत. तरी मधुमेह परत आला! शरीराने अवयव नाकारला नव्हता. जुन्या आजाराने नव्या बीटा पेशीही तशाच टिपून मारल्या होत्या.

उलट २००५ साली जपानमध्ये क्योटोत एका आईने स्वादुपिंडाचा भाग दिला, त्यातली बेटं मुलीला दिली आणि तिचं इन्शुलिन सुटलं. पण त्या मुलीचा मधुमेह स्वादुपिंडाच्या जुन्या सुजेमुळे झाला होता, प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने नव्हे. आणि अर्धं स्वादुपिंड देणाऱ्या माणसाला स्वतःलाच पुढे मधुमेह होण्याचा धोका असतो. म्हणून असं दान फार क्वचित होतं.

थोडक्यात, अडचणी दोन. पेशी आणायच्या कुठून, आणि त्या टिकवायच्या कशा. पहिलीवर आता मूलपेशींपासून बेटं तयार करण्याचा उपाय येतोय. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० जण वर्षाअखेर इन्शुलिनशिवाय होते. पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं त्यांनाही घ्यावी लागली. या औषधांनी जंतुसंसर्ग वाढतो, काही कर्करोगांचा धोका वाढतो, काहींमुळे किडनीलाही इजा होते.

म्हणून शाळेत जाणाऱ्या, इन्शुलिनवर बऱ्यापैकी सांभाळलेल्या मुलाला आज रोपण सुचवत नाहीत. सुईच्या जागी त्याहून जड ओझं येईल. "माझं स्वादुपिंड घ्या" म्हणणाऱ्या आईला मी सांगतो, तुमचं स्वादुपिंड नको, पण मुलाचं इन्शुलिन एक दिवसही चुकू देऊ नका. उद्या चांगला उपाय आला, तर तो घ्यायला त्याची किडनी, डोळे, हृदय शाबूत असायला हवेत. ते काम आजचंच आहे.