होमरनचे आद्य मानकरी : १८७६ ते १९००

फलंदाजाने चेंडू टोलवून, चौकोनाच्या कोपऱ्यांवरील तीन बेस ओलांडत, बाद न होता आरंभस्थानी परतणे याला बेसबॉलमध्ये होमरन म्हणतात. आज तो बहुधा चेंडू कुंपणापलीकडे गेल्याने मिळतो आणि म्हणून त्याची तुलना क्रिकेटमधल्या षटकाराशी होते. परंतु १८७६ साली नॅशनल लीग ही अमेरिकी व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली तेव्हा मैदाने इतकी ऐसपैस होती, आणि सामनाभर वापरून चेंडू इतका मऊ पडे, की क्षेत्ररक्षक दूर गेलेल्या चेंडूमागे धावत असताना फलंदाजाने चारही टप्पे पळून पूर्ण करणे हाच होमरनचा नेहमीचा मार्ग होता. लीगमधला पहिला होमरन २ मे १८७६ रोजी शिकागोच्या रॉस बार्न्सने सिनसिनाटीत असाच मिळवला, आणि त्या संपूर्ण हंगामात अव्वल ठरलेल्या फिलाडेल्फियाच्या जॉर्ज हॉलच्या नावावर अवघे ५ होमरन होते.

हे आकडे पुढेही संथपणे वाढले. १८८३ मध्ये नॅशनल लीगचा अग्रणी बक युइंग १० वर पोहोचला, तर अमेरिकन असोसिएशन या प्रतिस्पर्धी लीगमध्ये हॅरी स्टोव्हीने १४ होमरन केले. कारकिर्दीत शंभरी गाठणारा पहिला खेळाडूही हा चपळ स्टोव्हीच.

मग १८८४ मध्ये शिकागोच्या नेड विल्यमसनने एकदम २७ होमरन केले. त्याच्या संघाच्या लेकफ्रंट पार्क या मैदानाचे डावीकडचे कुंपण जेमतेम १८० फुटांवर, तर उजवीकडचे १९६ फुटांवर होते, आणि १८८३ पर्यंत त्यापलीकडे गेलेल्या चेंडूला तेथील स्थानिक नियमानुसार दोनच बेस मिळत. त्यामुळे त्या वर्षी विल्यमसनच्या खात्यात ४९ दुहेरी फटके आणि केवळ २ होमरन जमा झाले. पुढल्या हंगामात हाच फटका होमरन मानला गेला, आणि त्याच्या २७ पैकी २५ होमरन घरच्या मैदानावर लागले. त्याचे सहकारी फेफर (२५), डॅलरिम्पल (२२) आणि अॅन्सन (२१) हेही त्याच्या पाठोपाठ होते. १८८५ मध्ये संघाने मैदान बदलले, तेव्हा विल्यमसनला ३ च होमरन करता आले. त्याच्या कौशल्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, पण तो विक्रम फलंदाजापेक्षा कुंपणाचा अधिक होता, असेच म्हणावे लागते. तरीही १८९९ मध्ये वॉशिंग्टनच्या बक फ्रीमनला २५ वर थांबावे लागले, आणि बेब रूथने १९१९ मध्ये २९ होमरन करेपर्यंत तो विक्रम टिकला.

शतकाचा खरा मानकरी मात्र रॉजर कॉनर. नॅशनल लीगच्या एकाही हंगामात अव्वल न ठरता, १८८० ते १८९७ या काळात वर्षामागून वर्षे सातत्याने फटके मारत त्याने १३८ होमरन साठवले. एकेका हंगामाच्या यादीवर मैदानाच्या आकाराची छाप पडते, पण अठरा हंगामांच्या बेरजेवर तशी छाप राहणे कठीण, म्हणून त्याचे मोल मोठे आहे. रूथने १९२१ मध्ये ही बेरीज ओलांडली तेव्हा तिचा कोणी फारसा हिशेब ठेवलेला नव्हता. १९३१ मध्ये निधन पावलेल्या कॉनरला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सन्मान-दालनात, १९७६ साली स्थान मिळाले, आणि वॉटरबरी येथील त्याच्या थडग्यावर नावाचा दगड २००१ मध्ये बसवला गेला.