विश्लेषण : एक्स-रेला हाडे दिसतात, मग फुप्फुसाची नासाडी का दिसत नाही?

छातीचा एक्स-रे ‘नॉर्मल’ आणि रुग्णाला मात्र दोन जिने चढताना धाप लागते, असे अनेकदा घडते. वर्षानुवर्षांच्या विडी-सिगारेटमुळे किंवा चुलीच्या धुरामुळे होणाऱ्या ‘सीओपीडी’ या आजारात फुप्फुसातील वायुकोशांच्या भिंती झिजून नष्ट होऊ लागतात. सुरुवातीच्या टप्प्यात ही नासाडी साध्या एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही. मऊ ऊतींमधील असे बदल टिपण्यासाठी एक्स-रेचाच वापर वेगळ्या पद्धतीने करण्याचे तंत्र आता प्रयोगशाळेतून रुग्णांपर्यंत येऊ पाहत आहे.

मऊ ऊती साध्या एक्स-रेत का दिसत नाहीत?

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि त्याच वर्षी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात हाडे आणि अंगठी ठळक दिसली, स्नायू मात्र पुसट राहिले. आजचा एक्स-रेही मुळात अशीच सावली टिपतो. किरण शरीरातून जाताना किती शोषले गेले, यावर चित्र ठरते. अणुक्रमांक जितका मोठा, तितके शोषण जास्त. हाडांतील कॅल्शियमचा अणुक्रमांक २० आहे, तर मऊ ऊती मुख्यतः हायड्रोजन (१), कार्बन (६), नायट्रोजन (७) आणि ऑक्सिजन (८) यांच्या बनलेल्या असतात. त्यामुळे स्नायू, चरबी, ग्रंथी, गाठ यांच्या सावल्यांत फारसा फरक पडत नाही. म्हणूनच रक्तवाहिन्या किंवा आतडी पाहायची असतील, तर आयोडीन किंवा बेरियमयुक्त औषध द्यावे लागते.

नव्या तंत्रात वेगळे काय?

उथळ, स्वच्छ पाण्याच्या तळाशी उन्हाच्या हलत्या रेषा दिसतात. पाणी तिथे प्रकाश फारसा शोषत नाही, पण वळवते. त्या रेषा म्हणजे या वळण्याची खूण. क्ष-किरणही ऊतीतून जाताना असेच किंचित वळतात. हे वळण एका अंशाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. म्हणूनच साध्या यंत्राला ते कळत नाही. पण हलक्या मूलद्रव्यांच्या बाबतीत लहरीच्या ‘फेज’मध्ये होणारा हा बदल शोषणाच्या परिणामापेक्षा सुमारे हजार पटींपर्यंत मोठा असू शकतो. तो मोजणाऱ्या पद्धतीला ‘फेज-कॉन्ट्रास्ट’ प्रतिमांकन म्हणतात.

हे वळण मोजतात कसे?

एक मार्ग सिंक्रोट्रॉनचा. यात इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने वर्तुळाकार मार्गात फिरवून अतिशय तेजस्वी आणि सुसंगत क्ष-किरण मिळवले जातात. वस्तूपासून काही अंतरावर चित्र टिपले, की कडांवरील वळण आपोआप उमटते. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील ‘युरोपियन सिंक्रोट्रॉन’चे वर्तुळ ८४४ मीटर परिघाचे आहे. दुसरा मार्ग जाळ्यांचा. किरणांच्या वाटेत काही मायक्रॉन अंतरावर रेघा असलेल्या सूक्ष्म जाळ्या ठेवायच्या आणि त्यांच्या नक्षीत होणारा बदल वाचायचा. फ्रान्झ फायफर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की या जाळ्यांमुळे रुग्णालयातील नेहमीच्या एक्स-रे ट्यूबवरही हे काम होऊ शकते. या तंत्राला सिंक्रोट्रॉनच्या दाराबाहेर काढणारी ही पायरी होती.

यातून आजवर काय दिसले?

ग्रेनोबलच्या यंत्राचे २०२० मध्ये नूतनीकरण झाले. त्यानंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील आणि जर्मनीतील संशोधकांसह तेथे ‘हिप-सीटी’ हे तंत्र विकसित झाले. दान केलेला संपूर्ण अवयव न कापता आधी सुमारे २० मायक्रॉनच्या बारकाईने पाहायचा आणि मग हव्या त्या भागात जवळपास पेशींच्या पातळीपर्यंत शिरायचे, ही त्याची खासियत. रुग्णालयातील सीटी स्कॅनची बारकाई साधारण अर्ध्या-एक मिलिमीटरची असते. गंभीर कोविडने मृत्यू झालेल्यांच्या फुप्फुसांत या तंत्राने महत्त्वाची गोष्ट दिसली. रक्ताला प्राणवायू मिळवून देणाऱ्या आणि खुद्द फुप्फुसाला रक्त पुरवणाऱ्या अशा दोन रक्तवाहिनी-जाळ्यांमध्ये असामान्य जोडण्या तयार झाल्या होत्या. २०२४ मध्ये एक निरोगी आणि एक आजारी अशी दोन संपूर्ण मानवी हृदये याच पद्धतीने चित्रित झाली.

मग जिवंत रुग्णासाठी का नाही?

हिप-सीटीमध्ये किरणांची मात्रा इतकी असते, की ती जिवंत माणसाला देताच येणार नाही. शिवाय अवयव अल्कोहोलमध्ये ठेवून जेलमध्ये स्थिर करावा लागतो. धडधडते हृदय किंवा श्वास घेणारे फुप्फुस तसे धरून ठेवता येत नाही. त्यामुळे हे तंत्र रोग समजून घेण्यासाठी आहे, निदानासाठी नाही.

जाळ्यांचा मार्ग मात्र रुग्णापर्यंत पोहोचला आहे. म्युनिकमध्ये ‘डार्क-फील्ड’ छाती एक्स-रेचे यंत्र तयार झाले. निरोगी फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात. हवा आणि ऊती यांच्या प्रत्येक सीमेवर किरण किंचित विखुरतात, म्हणून या चित्रात निरोगी फुप्फुस उजळ दिसते. भिंती नष्ट झाल्या, की विखुरणे घटते आणि तो भाग काळवंडतो. सीओपीडीच्या ७७ रुग्णांवरील अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साध्या एक्स-रेपेक्षा या पद्धतीने ही झीज अधिक चांगली ओळखता आली, तीही सीटी स्कॅनच्या तुलनेत फारच कमी किरणांत. इटलीतील त्रिएस्ते येथे सिंक्रोट्रॉनवर महिलांच्या स्तनांची फेज-कॉन्ट्रास्ट तपासणीही झाली आहे.

भारतात काय स्थिती?

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील ‘इंडस-२’ सिंक्रोट्रॉनवर फेज-कॉन्ट्रास्ट प्रतिमांकनाची सोय आहे. मात्र ती संशोधनासाठी. डार्क-फील्ड यंत्रे सर्वत्र पोहोचण्याआधी मोठ्या प्रमाणावरील चाचण्या, मोठ्या आकाराच्या जाळ्या बनवण्याचा खर्च आणि परवाने हे टप्पे पार व्हायचे आहेत.

तोवर रुग्णाने एवढे लक्षात ठेवावे, की ‘नॉर्मल’ एक्स-रे म्हणजे फुप्फुस ठणठणीत असल्याचा दाखला नव्हे. धाप लागत असेल आणि धूम्रपानाची किंवा धुराची पार्श्वभूमी असेल, तर डॉक्टरांना स्पायरोमेट्रीबद्दल, म्हणजेच नळीत जोराने फुंकण्याच्या साध्या तपासणीबद्दल, जरूर विचारावे. एक्स-रेला जे दिसत नाही, ते या फुंकरीतून बऱ्याचदा आजही कळते.