यकृतातील मेद आणि हृदयाचे आरोग्य

यकृतात चरबी साचणे हा सधन व स्थूल व्यक्तींचा विकार होय, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातील एका पाहणीत (२०१०) ८.७ टक्के प्रौढांत हा विकार आढळला. त्यांपैकी बहुसंख्य स्थूल नव्हते. त्यामुळे उत्तन-पालीचे कोळीवाडे, राई-मुर्धा-मोर्वा ही गावे व काशीमीऱ्याचे आदिवासी पाडे येथील कष्टकरी बंधुभगिनींनीही गाफील राहू नये.

गरजेपेक्षा अधिक घेतलेला भात, मैद्याचे पदार्थ व चहातील साखर यांचे यकृतात मेदात रूपांतर होते. असे यकृत रक्तात ट्रायग्लिसराइड व साखर वाढविते, रक्तवाहिन्या अरुंद होऊ लागतात. म्हणूनच या रुग्णांच्या मृत्यूचे प्रमुख कारण यकृताचा विकार नसून हृदयविकार ठरते.

हा विकार बहुधा दुखत नाही आणि रोजंदारी बुडवून दवाखान्यात कोणी येत नाही. मात्र प्राथमिक चाचणीस साधी मोजपट्टी पुरते : पुरुषांची कंबर ९० व स्त्रियांची ८० सेंटिमीटरहून अधिक असल्यास रक्तदाब, साखर व चरबी तपासून घ्यावी. कंबर कमी असली, तरी मधुमेहींनी तपासणी टाळू नये.

वजन जास्त असल्यास ते ७ ते १० टक्के घटविल्याने यकृताची सूज ओसरू शकते. मद्य वर्ज्य करावे. सुकी मासळी धुऊन, बेताने खावी. केंद्र शासनाने २०२१ मध्ये हा विकार असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात समाविष्ट केला आहे. वस्तीवस्तीत ही मोजपट्टी पोहोचविण्यास हितचिंतकांनी साहाय्य करावे, ही विनंती.