बटाईचा करार आणि हनफी शास्त्री

छत्रपती संभाजीनगरातील पाणचक्की पाहावयास नेलेल्या विद्यार्थ्यांना मी एक प्रश्न हमखास विचारतो. दळणाऱ्याने मजुरी म्हणून त्याच पिठातील वाटा घ्यावयाचे ठरविले, तर त्यात गैर काय? विद्यार्थ्यांना त्यात काहीच वावगे दिसत नाही. हनफी पंथाच्या फकीहांनी, म्हणजे धर्मविधीच्या शास्त्र्यांनी, मात्र असा करार अवैध ठरविला होता. जे मजुराच्याच श्रमातून पुढे निपजावयाचे, ते मजुरी म्हणून आज कसे देऊ करावे, हा त्यांचा आक्षेप. पाणचक्कीवर दर्ग्यातील फकीर व विद्यार्थी यांच्यासाठी दळण होई. तेथे हा प्रश्न उद्भवण्याचे कारण नव्हते. शेतात तो उद्भवतो, कारण बटाई म्हणजे तरी दुसरे काय आहे?

इमाम अबू हनीफा (मृत्यू 767) हे कूफा शहरातील कापडाचे व्यापारी. मोबदल्याची अनिश्चितता त्यांना खपत नसे. पिठाच्या दाखल्यावरूनच त्यांनी बटाईचा करार अमान्य केला. त्यांचे पट्टशिष्य अबू यूसुफ आणि मुहंमद अश्-शैबानी यांनी येथे गुरूची साथ सोडली. पैगंबरांनी खैबर येथे निम्म्या उत्पन्नावर जमिनी कसावयास दिल्या होत्या, हा त्यांचा एक आधार. गुरूंच्या मते ती बटाई नव्हेच, तो सारा होता. दुसरा आधार मला अधिक मोलाचा वाटतो : लोकांची गरज आणि चालत आलेली वहिवाट. एकापाशी जमीन आहे पण कसण्याचे बळ नाही, दुसऱ्यापाशी बळ आहे पण जमीन नाही.

फरगणा खोऱ्यातील अल-मर्गिनानी (मृत्यू 1197) यांच्या 'हिदाया'त हे दोन्ही पक्ष मांडलेले आहेत आणि निर्णय शिष्यांच्या बाजूने आहे. शेख निजाम बुऱ्हाणपुरी यांच्या देखरेखीखाली अनेक शास्त्र्यांनी सिद्ध केलेल्या 'फतावा-ए-आलमगिरी'नेही तोच उचलला. ग्रंथाला नाव लागले ते येथून जवळच खुलताबादेत ज्याची कबर आहे त्या बादशहाचे. आत मते आहेत ती पूर्वीच्या शास्त्र्यांची.

शिष्यांनी घातलेल्या अटी मात्र कडक आहेत. मुदत किती, बियाणे कोणाचे, वाटा कितवा, हे आधी ठरले पाहिजे. वाटा निम्मा, तिसरा, चौथा असा अंशातच हवा. 'पाच पोती आधी माझी, उरलेले वाटून घेऊ' असे म्हटले की करार बाद. पिकलीच पाच पोती, तर दुसऱ्याच्या पदरी काय? 'ओढ्याकाठचे पीक माझे' ही अटही याच कारणाने बाद. बियाणे आधी वजा करून घेण्याचीही मुभा नाही. जोखीम दोघांनी मिळून सोसावी, हे त्यामागील सूत्र. वाट्याने कसणारा कमी राबतो, असे मार्शल यांनी लिहिले आणि कितीतरी वर्षे आम्ही ते शिकवीत आलो; जोखीम वाटून घेण्याच्या अंगाने बटाईची गणिती मांडणी स्टिग्लिट्झ यांनी केली ती 1974 मध्ये.

इंग्रजी अमदानीत या ग्रंथांचे भाग्य पालटले. हॅमिल्टन यांनी 'हिदाया'चे इंग्रजी रूपांतर 1791 मध्ये प्रसिद्ध केले, तेही मूळ अरबीवरून नव्हे, फारसीवरून. न्यायालयांनी त्यातील विवाह व वारसा तेवढा उचलला. विक्री, भागीदारी, बटाई यांची प्रकरणे नव्या कायद्यांखाली झाकली गेली. म्हणून आज ही नावे कानी पडतात ती तलाकाच्या वादात.

बटाई मात्र मराठवाड्यात चालूच आहे आणि तीही बहुधा तोंडी. 1950 च्या हैदराबाद कूळकायद्यानंतर कागदावर नाव चढवून देण्यास जमीनमालक धजत नाही. हिंदू काय, मुसलमान काय, सर्वांचे सारखेच. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत उभी पिके वाहून गेली, तेव्हा भरपाईसाठी पाहिला गेला तो सातबारा. मी वर्गात 'हिदाया'तील अटी फळ्यावर लिहिल्या, तेव्हा बटाईने शेती करणाऱ्याचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आमच्यात वाटा ठरला होता तो पिकाचा. भरपाईचं बोलणंच झालं नव्हतं." त्या वर्षी पीक नव्हते, आणि भरपाई मालकाच्या खात्यावर जमा झाली होती.