भाव लिहा, तारीख लिहा

उन्हाळा आला, की गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे आणि मोबाइलवर त्यांच्या जाहिराती, दोन्ही एकदमच पसरतात. बचत गटांचे असे मेसेज आम्ही नेहमी वाचतो. बहुतेकांचा साचा एकच. आधी गुलाबाचं फूल, मग ‘आमच्याकडे घरगुती, चविष्ट, उत्तम प्रतीचं सर्व प्रकारचं वाळवण मिळेल. संपर्क करा.’

आता घेणारीच्या जागी बसून वाचा बरं. कुरडई गव्हाची की तांदळाची? अर्धा किलोला किती? घरपोच मिळेल की न्यायला यायचं? यातलं काहीच कळत नाही. ती फोन करून विचारेल, असं आपल्याला वाटतं. पण कामात असलेली बाई फोन करत नाही, पुढचा मेसेज बघते. आणि ‘उत्तम’, ‘चविष्ट’ तर सगळ्याच लिहितात.

व्हॉट्सॲपवर लांब मेसेज पूर्ण दिसतही नाही, बाकीचं वाचायला बोट लावावं लागतं. म्हणून माल, वजन, भाव पहिल्याच ओळीत हवेत. असं लिहून बघा:

‘गव्हाच्या कुरडया, अर्धा किलो २०० रुपये. या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ऑर्डर द्या, पुढच्या शनिवारी मिळतील. ढग आले तर दोन दिवस उशीर. गावात घरपोच. याच नंबरवर तुमचं नाव आणि किती किलो ते कळवा.’

दोनशे हा आकडा आपला नमुन्याला. तुमचा भाव तुम्ही ठरवा. पण लिहा! इथेच पुष्कळजणी कचरतात. महाग म्हणतील, शेजारीण दहा रुपये कमी लावील, अशी धास्ती. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चीक काढायचा, शिजवताना हात भरून येईपर्यंत घोटायचा, मग उन्हं चढायच्या आत सोऱ्यानं घालायच्या. एवढ्या कष्टाचा भाव सांगायला लाज कसली? तारीखही त्यासाठीच. एकदा गहू भिजत पडले, की आणखी चार किलोची ऑर्डर आली तरी त्या खेपेला जमत नाही.

गटागटांत मेसेज टाकत बसण्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट करावी. एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, आणि एकीचा नंबर दुसरीला दिसत नाही. मात्र जिनं तुमचा नंबर सेव्ह केलाय, तिलाच तो मेसेज पोचतो. तेव्हा माल देताना ‘माझा नंबर सेव्ह करा हं’ एवढं सांगून ठेवा. फेसबुकवर फोटो टाकाल तो स्वतःच्या कुरडयांचाच टाका. उतरवून घेतलेला फोटो आणि हातात आलेला माल यातला फरक गिऱ्हाईक विसरत नाही.

अनोळखी माणसाची मोठी ऑर्डर आली तर उत्तरात ‘निम्मे पैसे आगाऊ’ असं स्पष्ट लिहा. ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ म्हणाला तर तिथेच थांबा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो.

शहरातल्या दुकानदाराला ईमेल करायचा झाला, तर विषयाच्या जागी नुसतं ‘नमस्कार’ नको. ‘गव्हाच्या कुरडया, घाऊक भाव’ असं लिहा. आत नमुना कधी पाठवाल, महिन्याला किती किलो देऊ शकाल आणि अन्न नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, एवढं पाच-सहा ओळींत बसतं. खाली फोन नंबर आणि तो उचलायची वेळ लिहा, कारण दुपारी आपण सगळ्याजणी गच्चीवर असतो.